वेष्टणातले अंक आणि रुग्णाचा प्रश्न

पत्र : मी सहा वर्षं जनरल प्रॅक्टिस करते आहे. कॉलेजात आम्ही पाच जणी एकाच हॉस्टेलवर होतो. आज त्यातली एक रेडिऑलॉजिस्ट आहे, एक कॅन्सरतज्ज्ञ, एक सर्जन आणि एक मानसोपचारतज्ज्ञ. आमच्या ग्रुपवर रोज कोणी ना कोणी नवा पेपर टाकतं, त्यावर चर्चा रंगते आणि मी गप्प बसते. माझ्या टेबलावर जर्नलचे अंक वेष्टणातच पडून आहेत. ओपीडी संपेपर्यंत रात्र होते, मग दोन पानं वाचली की डोळे मिटतात. औषध कंपनीचे प्रतिनिधी जे छापील कागद ठेवून जातात, तेवढंच काय ते नवं माझ्यापर्यंत पोचतं आणि त्याची मला लाज वाटते. गेल्या आठवड्यात साठी उलटलेल्या एका रुग्णाने विचारलं, "डॉक्टर, रोजची अ‍ॅस्पिरिन आता घेऊ नये म्हणतात, खरं का?" मी "पुढच्या वेळी बोलू" म्हणून वेळ मारून नेली. बाकीच्यांना हे वाचन कसं जमतं? मीच मागे पडले आहे का?

उत्तर :

प्रिय डॉक्टर,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मनात राहिला तो अंकांचा ढीग. दुसऱ्यांदा वाचताना मात्र अ‍ॅस्पिरिनच्या प्रश्नापाशी थांबले. त्या प्रश्नाकडे मी येणार आहेच, पण त्याआधी तुमच्या मनावरचं ओझं थोडं उतरवते.

प्राथमिक आरोग्यसेवेतल्या डॉक्टरला उपयोगी पडतील अशी 341 जर्नलं समोर ठेवून काही अभ्यासकांनी 2004 मध्ये एक हिशेब मांडला होता. त्या जर्नलांत महिन्याकाठी 7,287 लेख येत होते. ते सगळे नीट पारखून बघायचे तर महिन्याला साधारण 627 तास लागले असते. तीस दिवसांच्या महिन्यात तास असतात 720. म्हणजे रोज एकवीस तास वाचायचं आणि उरलेल्या तीन तासांत रुग्ण, जेवण, झोप, सगळं उरकायचं. पुढे 2010 मध्ये दुसऱ्या एका पाहणीत दिसलं की जगात दिवसाला सरासरी 75 क्लिनिकल ट्रायल, म्हणजे रुग्णांवर केलेल्या उपचारांच्या चाचण्या, आणि 11 सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे एका प्रश्नावरच्या सगळ्या अभ्यासांचे एकत्रित आढावे, प्रसिद्ध होत होते. त्यानंतर हा ओघ वाढतच गेला आहे. तेव्हा 'बाकीच्यांना कसं जमतं' याचं खरं उत्तर, कोणालाच जमत नाही. तुमच्या चारही मैत्रिणींना जमत नाही. त्या वैद्यकाच्या एकेका वाफ्यात उभ्या आहेत आणि तेवढाच वाफा शिंपतात. तुम्ही चारही वाफ्यांतलं पाणी एकत्र पाहता आणि आपलं भांडं रिकामं समजता.

प्रत्येकीचं वाचन वेगळं का असतं, हे एकदा नीट समजून घ्या, मग त्या ग्रुपवरच्या गर्दीचा त्रास कमी होईल.

सगळ्यात जास्त पेपर तुमची कॅन्सरतज्ज्ञ मैत्रीण टाकत असणार. तिचा इलाज नाही. तिच्या शाखेतल्या मोठ्या गाइडलाइन एका वर्षात अनेकदा बदलतात, मोठ्या परिषदांमध्ये सकाळी जाहीर झालेला निकाल दुपारी रुग्ण फोन करून विचारतात. सारांशावर भागत नाही, मूळ ट्रायल उघडावी लागते, कारण खरी मेख आतल्या पानांत असते. नव्या औषधाची तुलना आज चालू असलेल्या उपचाराशी केली होती की मागे पडलेल्या उपचाराशी? रुग्ण जास्त जगले, की फक्त गाठ वाढायला थोडा जास्त वेळ लागला? या दोन गोष्टींत फार अंतर आहे आणि रुग्णाच्या घरच्यांना ते समजावून सांगायची वेळ तिच्यावर येते. तिच्या वाचनात रोजची निकड आहे. तुमच्या खुर्चीत बसून तेच वाचत राहिलात तर पुढच्या वर्षी त्यातलं अर्धं शिळं झालेलं असेल आणि मधल्या काळात ते तुम्हाला एकदाही लागलेलं नसेल.

रेडिऑलॉजिस्टचं वाचन बऱ्याच अंशी बघणं असतं. रिपोर्ट लिहिता लिहिता शेजारच्या स्क्रीनवर संदर्भ उघडायचा, हीच तिची पद्धत. उदाहरणार्थ, छातीच्या सीटीत चुकून सापडलेल्या छोट्या गाठीचं काय करायचं, याबद्दल फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या रेडिऑलॉजीतल्या तज्ज्ञांच्या संस्थेच्या शिफारशी आहेत. 2005 साली कमी जोखमीच्या माणसात 4 मिलिमीटरपर्यंतची गाठ सोडून द्या असं त्या सांगत. 2017 मध्ये भरीव गाठीसाठी ती रेषा 6 मिलिमीटरच्या आतपर्यंत सरकली. एवढ्या एका बदलाने कितीतरी माणसांचे पुन्हा पुन्हा होणारे सीटी आणि त्यासोबतच्या जागून काढलेल्या रात्री वाचतात. पण चांगली रेडिऑलॉजिस्ट खरी घडते ती स्वतःच्या रिपोर्टचा माग काढून. मी जे लिहिलं ते ऑपरेशनमध्ये निघालं का, बायोप्सीत काय आलं, माझं काय पाहायचं राहून गेलं? माझ्या ओळखीच्या एक ज्येष्ठ रेडिऑलॉजिस्ट दर शुक्रवारी आठवड्यातल्या पाच केसेसचा असा माग काढत. त्या वेळात त्यांना कोणी हाक मारलेली चालत नसे. मला हे वाचन जर्नल वाचण्याइतकंच मोलाचं वाटतं.

पॅथॉलॉजीत बदल वेगळ्या तऱ्हेने येतो. बराच काळ संथ, आणि मग एका ग्रंथाची नवी आवृत्ती निघते आणि गाठींची नावंच बदलतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गीकरणात मेंदूच्या गाठींचं तसं झालं. सूक्ष्मदर्शकाखाली ग्लायोब्लास्टोमासारखी, म्हणजे मेंदूच्या अतिशय आक्रमक कॅन्सरसारखी, दिसणारी प्रौढाच्या मेंदूतली गाठ आयडीएच नावाच्या जनुकात बदल असेल तर आता त्या नावाने ओळखलीच जात नाही. आणि वरवर सौम्य दिसणारी गाठ ठरावीक जनुकीय खुणा सापडल्या तर ग्लायोब्लास्टोमा ठरते. त्या वर्षी पॅथॉलॉजिस्टना रोजचे पेपर बाजूला ठेवून तो एक ग्रंथ पानोपान वाचावा लागला.

सर्जन मंडळी वाचत नाहीत, असं फिजिशियन सर्रास म्हणतात. मीही म्हणायचे आणि ते चूक होतं. त्या व्हिडिओ बघतात, दुसऱ्याच्या टेबलाशेजारी उभ्या राहतात, हात कुठे वळला ते टिपतात. ते ज्ञान शब्दांत मावत नाही. त्यांची अडचण वेगळी आहे. ऑपरेशनची ट्रायल करणं फार अवघड, त्यामुळे एखादी पद्धत पुराव्याआधीच रूढ होऊन बसते. गुडघ्याच्या झिजेसाठी दुर्बिणीतून सांधा धुऊन साफ करण्याचं ऑपरेशन असंच घट्ट बसलेलं होतं. 2002 मध्ये 180 रुग्णांवरची ट्रायल प्रसिद्ध झाली. त्यात काही जणांना नुसते चिरे देऊन टाके घातले होते. दोन वर्षांनी पाहिलं तर खरं ऑपरेशन झालेल्यांना आणि नुसते चिरे दिलेल्यांना दुखण्यात सारखाच आराम होता. तुमच्या सर्जन मैत्रिणीने नव्या तंत्राचा व्हिडिओ टाकला तर कौतुकाने पाहा आणि जमलं तर विचारा, "याची तुलना कशाशी झाली आहे?" तिलाही तो प्रश्न आवडेल.

मानसोपचारात नवी औषधं तुलनेने सावकाश येतात. तिथे एकेका रुग्णाबद्दल खोल जाऊन वाचावं लागतं. आणि भूलतज्ज्ञ तर पूर्ण वेगळ्या जगात राहतात. श्वासनलिकेत नळी जात नसताना वाचायला वेळ नसतो, म्हणून ते आधीच वाचतात, मग सराव करतात, पुन्हा सराव करतात, आणि पायऱ्यांचा तक्ता भिंतीवर लावून ठेवतात.

आता तुमचं. तुमच्या प्रॅक्टिसमध्ये एका सकाळी ताप, दमा, पाळीच्या तक्रारी, पोराचं लसीकरण, आजोबांची रक्तदाबाची गोळी आणि कोणाचं तरी रडू, हे सगळं येतं. इतकी रुंदी तुमच्या एकाही मैत्रिणीच्या वाट्याला नाही. रुंदी एवढी असेल तर मूळ पेपरांमागे धावून चालत नाही. तुम्हाला कोणीतरी चाळून, पारखून दिलेलं हवं. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचे रिव्ह्यू, गाइडलाइनची ताजी आवृत्ती, सतत अद्ययावत ठेवले जाणारे ऑनलाइन संदर्भग्रंथ. यांचा आधार घेणं म्हणजे कामचुकारपणा असं तुम्हाला वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. डेव्हिड स्लॉसन आणि अ‍ॅलन शॉनेसी या दोघा प्राध्यापकांनी 1994 साली माहितीचा उपयोग मोजण्याचं एक साधं सूत्र मांडलं. माहिती माझ्या रुग्णाशी किती संबंधित आहे आणि ती किती खरी आहे, यांचा गुणाकार करा आणि ती मिळवायला पडणाऱ्या कष्टाने भागा. कष्ट फार वाढले तर उत्तम माहितीचाही उपयोग शून्याकडे जातो. रात्री अकराला दमलेल्या डोळ्यांनी वाचलेला बारा पानांचा पेपर या सूत्रात कुठे बसतो, ते तुम्हीच पाहा.

मग वाचायला सुरुवात कुठून करायची? रुग्णापासून. 1985 च्या एका अभ्यासात ओपीडीत बसलेल्या डॉक्टरांच्या मनात आलेले प्रश्न टिपले गेले. साधारण तीन रुग्णांमागे दोन प्रश्न डॉक्टरांच्या मनात उभे राहत होते आणि त्यांतल्या जेमतेम 30 टक्क्यांचं उत्तर त्या भेटीत मिळत होतं, तेही बहुतेक वेळा दुसऱ्या डॉक्टरला विचारून. बाकीचे प्रश्न पुढचा रुग्ण आत आला की विरून जातात. ते विरू देऊ नका. एक छोटी वही टेबलावर ठेवा. दिवसभरात मनात आलेला प्रश्न एका ओळीत, रुग्ण समोर असतानाच लिहा. दिवसाअखेर त्यातला एकच निवडा, ज्याच्या उत्तराने उद्या तुमच्या हातून काहीतरी वेगळं होईल असा. त्याला पंधरा मिनिटं द्या. उत्तर सापडलं की त्याच ओळीपुढे तारीख घालून लिहा. माझ्याकडे अशा अकरा वह्या झाल्या आहेत. जुन्या वह्यांतली कितीतरी उत्तरं आज चुकीची ठरली आहेत, म्हणून तारखेचा आग्रह.

तुमचा अ‍ॅस्पिरिनचा प्रश्न अशा वहीसाठीच जन्माला आलेला आहे. आपण तो सोबत सोडवू.

पहिली गोष्ट, प्रश्न फोडायचा. ज्यांना आधी हार्ट अटॅक किंवा रक्तपुरवठा अडून होणारा पक्षाघात होऊन गेला आहे, स्टेंट बसवलेला आहे, त्यांची अ‍ॅस्पिरिन हा एक प्रश्न. ज्यांना असं काहीच झालेलं नाही, फक्त 'होऊ नये म्हणून' गोळी घेतात, त्यांचा प्रश्न निराळा. रुग्णाने जे ऐकलं ते या दुसऱ्या गटाबद्दल आहे. 2018 मध्ये या गटावरच्या तीन मोठ्या ट्रायल एकाच वर्षात आल्या. त्यांपैकी अ‍ॅस्प्री ट्रायलमध्ये 19,114 वयस्कर माणसं होती, बहुतेक सत्तरी ओलांडलेली. अ‍ॅस्पिरिनने त्यांचं धडधाकट आयुष्य वाढलं नाही, मोठा रक्तस्राव मात्र 2.8 टक्क्यांवरून 3.8 टक्क्यांवर गेला. अ‍ॅसेंड नावाची दुसरी ट्रायल 15,480 मधुमेहींवर होती, सरासरी सात वर्षांहून थोडी जास्त चालली. गंभीर हृदयविकार, पक्षाघात वगैरे घटना 9.6 टक्क्यांवरून 8.5 टक्क्यांवर आल्या, आणि मोठे रक्तस्राव 3.2 वरून 4.1 वर गेले. हे हजार माणसांत मांडा. सात वर्षांत अकरा जणांचा अटॅक किंवा पक्षाघात टळला आणि नऊ जणांना मोठा रक्तस्राव झाला. असं मांडलं की रुग्णालाही समजतं आणि निर्णय दोघांना मिळून घेता येतो. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने 2022 मध्ये साठी ओलांडलेल्यांना प्रतिबंधासाठी अ‍ॅस्पिरिन नव्याने सुरू करू नका, असं सांगितलं ते याच पुराव्यांवरून. हे सगळं मिळवायला तुम्हाला एक गाइडलाइन आणि दोन गोषवारे उघडावे लागतील, तेही विनामूल्य.

आता कंपनीच्या छापील कागदांविषयी. लाज वाटून घेऊ नका, ते हातात आलेच तर तीन जागी बोट ठेवा. तुलना कशाशी केली? मोजलं काय, रुग्णाला जाणवणारी गोष्ट की फक्त रक्तातला एखादा आकडा? आणि 'निम्म्याने घट' लिहिलं असेल तर कितीवरून किती? दोन टक्क्यांवरून एक टक्का हीसुद्धा निम्मी घट आहे. दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व कळायला 1989 ची कास्ट ट्रायल पुरे. हार्ट अटॅकनंतर हृदयाचे जादा ठोके दाबणारी औषधं सर्रास दिली जात. ठोके खरोखर कमी व्हायचे, ईसीजी सुंदर दिसायचा. मोजून पाहिलं तेव्हा कळलं की ती औषधं घेणारे रुग्ण डमी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त मरत होते.

नव्याच्या मागे धावताना आणखी एक काम राहून जातं. आधी शिकलेलं काय आता गळून पडलं, ते शोधण्याचं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, रूढ उपचार पुन्हा तपासून पाहणारे 363 अभ्यास एकत्र केले होते. त्यातल्या 146 अभ्यासांत रूढ पद्धत उपयोगाची नाही किंवा घातक आहे असं निघालं. मी हे स्वतः भोगलं आहे. 2001 मध्ये एका आयसीयूतल्या ट्रायलमध्ये दिसलं की अत्यवस्थ रुग्णांची रक्तशर्करा इन्सुलिनने 80 ते 110 मध्ये घट्ट धरली तर मृत्यू कमी होतात. मी तो पेपर वाचला, भारावले आणि आमच्या विभागात सगळ्यांना लागू केला. ती ट्रायल एकाच केंद्रातली होती आणि बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेनंतरचे होते. आमचे रुग्ण तसे नव्हते. हे दोन्ही पेपरातच लिहिलेलं होतं. एका पहाटे सिस्टरचा फोन आला, एका बाईंची शुगर 31 झाली होती. ग्लुकोज वेळेत मिळालं, त्या शुद्धीवर आल्या. तरी मी पद्धत बदलली नाही, कारण मला वाटायचं की पुरावा माझ्या बाजूने आहे. 2009 मध्ये नाइस-शुगर ट्रायल आली, सहा हजारांहून जास्त रुग्णांची, अनेक केंद्रांतली. घट्ट नियंत्रणाच्या गटात 90 दिवसांत 27.5 टक्के रुग्ण दगावले, सैल नियंत्रणाच्या गटात 24.9 टक्के. तो पेपर हातात घेऊन मी त्या खाटेपाशी जाऊन उभी राहिले होते. मी कमी वाचलं म्हणून हे झालं नव्हतं. वाचलेलं एकच होतं आणि त्याला मी फार लवकर शरण गेले होते. तेव्हापासून एकट्या ट्रायलवर मी पद्धत बदलत नाही. तसं करण्याइतका मोठा फायदा आणि तितकीच भक्कम रचना असेल तर गोष्ट वेगळी.

तुमच्या ग्रुपबद्दल एक सुचवते. विल्यम ऑस्लर या नामवंत डॉक्टरांनी 1875 मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात जर्नल क्लब सुरू केला, त्यामागचं कारण अगदी साधं होतं. महागडी नियतकालिकं एकट्याला परवडत नव्हती, म्हणून मिळून घ्यायची आणि फिरवून वाचायची. आज अंक परवडतो, वेळ परवडत नाही. उपाय तोच, वाटून घेणं. चौघींना एक निरोप पाठवा. रोजचे पेपर टाकायचे तर टाका, पण तीन महिन्यांतून एकदा प्रत्येकीने फक्त एवढं सांगायचं, तुझ्या शाखेत असं काय बदललं की ज्यामुळे माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरने उद्यापासून काही वेगळं करावं, किंवा काही करणं थांबवावं? रुग्ण तुझ्याकडे कधी लवकर पाठवावा? चार जणींची मिळून आठ-दहा वाक्यं होतील. आणि तुम्हीही त्यांना द्या. रुग्णाने गोळ्या मध्येच का सोडल्या, दुष्परिणाम घरी गेल्यावर कसे दिसले, हे तुमच्याइतकं त्यांच्यापैकी कोणीच पाहत नाही. तुम्ही त्या गटात गप्प बसणाऱ्या सभासद आहात, असं तुम्हालाच वाटतं. कॅन्सरतज्ज्ञ मैत्रिणीला विचारून पाहा, तिचा रुग्ण दोन केमोंच्या मध्ये कोणाकडे जातो.

टेबलावरचे अंक उचला. प्रत्येकाची अनुक्रमणिका पाहायला दोन मिनिटं लागतील. वहीतल्या एखाद्या प्रश्नाला भिडणारा लेख दिसला तर तेवढा ठेवा, बाकीचा ढीग रद्दीत जाऊ द्या. पुढच्या वर्षाची वर्गणी भरायची की नाही, ते तेव्हा ठरवा.

पण हे सगळं उद्या. आज संध्याकाळी ओपीडी सुरू होण्याआधी त्या अ‍ॅस्पिरिनवाल्या रुग्णाला फोन करा. त्यांना आधी हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेला आहे का, स्टेंट बसवलेला आहे का, हे त्यांच्या कागदपत्रांत पाहून घ्या. तुम्ही "पुढच्या वेळी बोलू" म्हणालात, त्यानंतर त्यांनी ऐकीव माहितीवर गोळी स्वतःहून बंद केली आहे का, ते विचारा. स्टेंट असेल आणि गोळी बंद केली असेल, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका, त्यांना आजच बोलावून घ्या.